आठ डिस्कस, एक कोपरा आणि पाचशेचा बाँड

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, २०२५ च्या सप्टेंबरच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ आहे : "थोरलीने परत मारलं. धाकटी उपाशी." सिलिंडर द्यायला आलेल्या मुलाने ती वाचली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला त्याला हॉलमध्ये नेऊन टँक दाखवावाच लागला.

डिस्कस मासे वयात यायला लागले की एकमेकांशी कसे वागतात, याबद्दल मला तेव्हा कुणी चार शब्द सांगितले असते तर माझे दोन महिने आणि माशांचे बरेच हाल वाचले असते. म्हणून हे लिहितेय. मी ब्रीडर नाही. डोंबिवलीला राहते, अकाउंट्समध्ये नोकरी करते. आठ मासे आणले होते, सात आहेत.

सुरुवात मुलाच्या हट्टाने झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मित्राकडे गणपतीला गेला आणि तिथे ताटलीएवढे गोल, निळ्या-केशरी रेघांचे मासे बघून आला. नववीतलं पोर, आठवडाभर दुसरं बोलणं नाही. हेकेल नावाच्या माणसाने या माशाचं शास्त्रीय वर्णन १८४० साली केलं, हे त्यानेच मला सांगितलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, कोमट, मऊ पाणी लागतं, एकटा-दुकटा ठेवायचा नसतो, घोळका लागतो. घोळका म्हणजे मोठा टँक. मोठा टँक म्हणजे सोसायटी.

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये ३४० लिटर पाणी मावतं. काच, स्टँड धरून साडेचारशे किलोच्या घरात वजन जातं. आमची इमारत १९९६ ची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ४ नोव्हेंबरला मी अर्ज दिला. १० तारखेच्या कमिटी मीटिंगमध्ये सेक्रेटरी काका म्हणाले, "साडेचारशे किलो म्हणजे सहा माणसं एकाच जागी उभी. बरं, ती रात्री घरी जाणार नाहीत." इंजिनिअरचं पत्र आणायला सांगितलं. इंजिनिअर आले, दहा मिनिटं थांबले, दोन हजार घेतले. त्यांचं म्हणणं सोपं होतं : स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीला लागून, बीमच्या रेषेत ठेवा. पुढची मीटिंग ८ डिसेंबरला. तिथे मंजुरी मिळाली, पण हमीपत्र द्या म्हणाले. मी शंभरचा स्टँप पेपर आणायला गेले, तर वेंडर म्हणाला, "ताई, शंभरचा ऑक्टोबरपासून बंद झाला, आता पाचशेचा." पाचशेचा बाँड, दोनशे नोटरीचे. हमीपत्रात एक वाक्य आपणहून घालून टाका : गळती झाली तर खालच्या घराचा खर्च आमचा. आमच्या खालच्या काकूंनी नुकतंच पीओपी करून घेतलं होतं, त्या एका वाक्याने त्यांचा चेहरा बदलला. १४ डिसेंबरला पत्र हातात. चाळीस दिवस लागले. टँकची ऑर्डर त्यानंतर द्या, आधी नाही. माझ्या ओळखीतल्या एकांचा टँक परवानगीअभावी तीन महिने जिन्याखाली होता.

टँक आणि स्टँडचे साडेसतरा हजार, फिल्टरचे चार हजार दोनशे. २० डिसेंबरला पाणी भरलं आणि त्यात जुन्या पायमोज्यात बांधून सोललेली एक कोळंबी सोडली. ती कुजते, अमोनिया तयार होतो, मग तो खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येतात. अमोनिया चढला, उतरला. मग त्यापासून बनणारं नायट्राइट चढलं, उतरलं. टेस्ट किटची बाटली हातात धरून सहा आठवडे काढले. शेजारचे येऊन रिकाम्या टँककडे बघायचे आणि "मासे झोपलेत का?" विचारायचे.

मासे बदलापूरच्या एका ब्रीडरकडून घेतले. रविवारचा मेगाब्लॉक नको म्हणून शनिवारी गेलो, ८ फेब्रुवारी २०२५. अडीच इंचांची पिल्लं, एकेक साडेसहाशेला. तीन रेड टर्क्वाइज, तीन ब्लू डायमंड, दोन पिजन ब्लड, या सगळ्या डिस्कसच्याच जाती. मी चार मागितली होती. तो म्हणाला, "मॅडम, चार नेऊ नका. एक राजा होईल, एक मार खाईल आणि दोघं बघत बसतील. आठ न्या, मार वाटला जाईल." मला तेव्हा ते विक्रीचं बोलणं वाटलं. निघताना त्याने आणखी एक सांगितलं : "मोठे झाले की फोन कराल तुम्ही. सगळे करतात."

थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन लेडीज डब्यात बसले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "केक का?" हो म्हटलं. मासे म्हटलं असतं तर उल्हासनगर येईपर्यंत भाव सांगावा लागला असता.

पहिले चार दिवस आठही जण काळेठिक्कर पडून एका कोपऱ्यात चिकटून होते. काही खाईनात. मी रडकुंडीला आले. ब्रीडरने फोनवर सांगितलं, दिवा लावू नका, टँकमध्ये हात घालू नका, पुढ्यात जाऊन उभ्या राहू नका. पाचव्या दिवशी एकाने खाल्लं, सहाव्या दिवशी सगळ्यांनी.

फेब्रुवारी ते मे म्हणजे नुसती हमाली. दिवसातून पाच वेळा खाणं, रोज चाळीस टक्के पाणी बदलायचं. गॅलरीत दोनशे लिटरचा ड्रम, त्यात आदल्या रात्री भरलेलं पाणी, एअर पंप चालू, अँटीक्लोरीन घातलेलं. आमचं नळाचं पाणी मऊ आहे, टीडीएस मीटरवर शंभराच्या आसपास, त्यामुळे आरओची भानगड करावी लागली नाही. पावसाळ्यात मात्र नळ सोडला की टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास यायचा, तेव्हा अँटीक्लोरीन वाढवून पाणी आणखी एक दिवस ड्रममध्ये ठेवत असे. हीटर दोन घ्या, एकच मोठा नको. एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि एक अडकून चालूच राहिला तर मासे शिजत नाहीत. तापमान २९.

खाणं घरीच करायचे. कोळंबी, थोडा मासा, पालक, लसूण, सगळं वाटून जिलेटिनमध्ये घट्ट करायचं आणि पातळ वड्या पाडून फ्रीजरला. मिक्सरचं भांडं वेगळं, त्यावर मार्करने "मासे" लिहिलेलं. एकदा त्याच भांड्यात चटणी झाली. तो विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

या चार महिन्यांत भांडण नव्हतं असं नाही, पण मला ते भांडण वाटलंच नाही. खाणं पडलं की सगळ्यात मोठी रेड टर्क्वाइज आधी जायची, बाकीचे अर्धा सेकंद थांबून. कुणी घाई केली तर ती पाठीवरचा पर ताठ उभा करायची, आडवी वळून आपली पूर्ण बाजू दाखवायची, आणि तरी समोरचा हलला नाही तर तोंडाने कुशीत एक ढुशी. ज्याला बसायची तो पर मिटून, एका अंगावर कलून मागे सरकायचा. संपलं. दोन मिनिटांत दोघं शेजारी शेजारी. मुलगा तिला बॉस म्हणायचा, मी दादा म्हणायचे. सासूबाई म्हणाल्या, "दादा कसला, बाईच आहे ती. ओटा सोडत नाही बघ." आणि तिचं नाव थोरली ठेवलं. तिच्यानंतर खाणारी मधली. दोन पिजन ब्लडपैकी लहान ती धाकटी. नर-मादी ओळखायची काही सोय नसते हो या वयात. अंडी घालायची वेळ आली की पोटाखाली नळी दिसते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. त्याआधी जे सांगतात ते अंदाजाने सांगतात. सासूबाईसुद्धा.

एप्रिलमध्ये दुसरी पिजन ब्लड गेली. हे सांगायला मला अजूनही बरं वाटत नाही, कारण चूक माझी होती. रेड टर्क्वाइज घाबरली, दबली, की तिच्या अंगावर नऊ उभे काळे पट्टे उमटतात, लांबून कळतं. मी रोज पट्टे मोजायचे आणि स्वतःला हुशार समजायचे. पिजन ब्लड ही मुद्दाम पैदास करून पुढे आणलेली जात. तिच्या अंगावर हे पट्टे येतच नाहीत. ती केशरीच्या केशरी राहिली आणि आतून वाळत गेली. अंगावर काळे बारीक ठिपके वाढले होते, पण ते मी मागे काळा कागद लावल्यामुळे, काळ्या पार्श्वभूमीवर या जातीला तसे ठिपके येतातच. ती कोपऱ्यात तोंड करून उभी राहायला लागली, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, तेव्हा मला जाग आली. मेट्रोनिडाझोल दिलं, पाणी ३२ पर्यंत गरम केलं. नवव्या दिवशी सकाळी ती तळाशी होती. मी रोग रोग म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "रोग नंतर आला. आधी तिला कुणी जेवू देत नव्हतं. पंधरा दिवस बघतेय मी."

त्या दिवसापासून कालनिर्णय त्यांच्या ताब्यात गेलं. दिवसभर टँकसमोर त्याच असतात. मी सकाळी एक तास आणि रात्री दोन. मुलाला जूनमध्ये क्लास लागले आणि त्याचा उत्साह क्लासच्या पिशवीत गेला तो गेलाच.

काळा कागद काढून फिकट निळा लावला. महिन्याभरात धाकटीचे ठिपके फिकट झाले.

श्रावणात आमच्या फ्रीजरमध्ये कोळंबी चालत नाही. २४ जुलैला दीप अमावास्या, त्याच्या आत महिन्याभराच्या वड्या करून शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवल्या. रोज पाच वेळा दुसऱ्याची बेल वाजवणं बरं दिसेना, म्हणून खाणं दिवसातून तीन वेळांवर आणलं. तोवर ते पाच इंचांचे झाले होते, त्यांना तीन वेळा पुरतंही. पण आधी चुकलेला घास पुढच्या वेळी मिळायचा, आता वेळाच कमी, त्यामुळे प्रत्येक वेळेला चुरस.

मग गणपती. २७ ऑगस्टला दीड दिवसाचा आमचा गणपती हॉलमध्येच, टँकच्या समोरच्या भिंतीला. माणसं चाळीस-पन्नास. आरतीला झांजा वाजल्या की सातही मासे एकदम उसळून काचेवर आपटायचे. टँकवर चादर टाकली. विसर्जन झालं, चादर काढली, तर थोरलीने डावा कोपरा धरलेला. फिल्टरचा पाइप, त्याच्यामागची फूटभर जागा. तिथे कुणी आलं की ढुशी नाही, पाठलाग. टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकटी हीटरच्या मागे घुसून बसलेली, शेपटीचा पर फाटलेला.

मला वाटलं झांजांमुळे बिथरलेत, होतील शांत. झांजांचा संबंध नव्हता. ते नऊ-दहा महिन्यांचे झाले होते, वयात येत होते. थोरली आपली जागा धरत होती.

यापुढे मी जे केलं ते करू नका.

६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, सगळे विसर्जन बघायला गेलेले असताना मी जाळं घेतलं आणि थोरलीला काढून घरातल्या दुसऱ्या, दोन फुटी टँकमध्ये टाकलं. गुंडाला तुरुंगात. दोन दिवस इतकी शांतता, की मी ऑफिसात फुशारकी मारली. तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात मधली. आणि ही थोरलीपेक्षा वाईट. थोरलीला स्वतःबद्दल शंका नव्हती, ती एकदा वळून दाखवायची आणि निम्मं काम व्हायचं. मधलीला प्रत्येकाला दिवसातून दहादा सिद्ध करून दाखवायचं होतं. नव्या साहेबासारखं. आता धाकटीबरोबर एका ब्लू डायमंडच्या कुशीतलेही खवले उडाले.

मग दुसरी चूक. १६ तारखेला थोरलीला परत आत सोडलं, म्हटलं निदान आधीचं राज्य तरी येईल. दहा दिवसांत ती परकी झाली होती. मधलीने तिला अर्ध्या मिनिटात गाठलं. दोघींनी तोंडात तोंड घालून एकमेकींना ढकलायला सुरुवात केली, ओठाला ओठ पकडून, थरथरत, खोक्यातली दोन झाकणं एकमेकांवर आपटावीत तशा. रात्री साडेअकराला मी टँकसमोर पट्टी घेऊन बसले होते, मधे घालायला. सकाळी तळाला खवले दिसले, चमकीसारखे.

बदलापूरला फोन केला. त्याने "सगळे करतात" हे म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "एकाला काढायचं नसतं मॅडम. काढायचं तर सगळ्यांना काढा. घर मोडा, नवीन मांडा, सगळ्यांना एकदम सोडा. म्हणजे कुणाचंच काही नसतं."

२० सप्टेंबर, शनिवार. सातही जणांना टँकच्याच पाण्याने भरलेल्या दोन टबांत काढलं, एअर पंप लावून. फिल्टरचा पाइप डावीकडून उजवीकडे नेला. लाकडाचं मोठं मूळ होतं ते मधोमध उभं केलं, म्हणजे एका टोकाहून दुसरं टोक दिसणार नाही. पडदे ओढले, दिवा बंद, आणि सहा जणांना पाच मिनिटांच्या आत आत सोडलं. धाकटीला दोन फुटीत ठेवलं, ती लढायच्या अवस्थेत नव्हती. म्हणजे हलवायचंच झालं तर मारणाऱ्याला नाही, मार खाणाऱ्याला हलवा. मारणाऱ्याची गादी रिकामी राहत नाही. दोन तास लागले, कंबर गेली. रविवारी सकाळी सहाही जण सगळ्या टँकभर फिरत होते, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे, जरा जपून. आठवड्यात पुन्हा थोरली वर, मधली दोन नंबर. पण आता ढुशीवर भागत होतं. खाणंही दोन ठिकाणी टाकायला लागलो, दोन्ही टोकांना एकाच वेळी. थोरली एका वेळी एकाच टोकाला असते, इतकं साधं.

नंतर या माशांच्या मूळ ठिकाणाबद्दल वाचलं तेव्हा हे सगळं जरा उलगडलं. ॲमेझॉनमध्ये कोरड्या दिवसांत पाणी उतरतं, तेव्हा हे पडलेल्या झाडांच्या मुळांत मोठ्या घोळक्याने राहतात. पाणी चढून जंगलात शिरलं की जोड्या पांगतात. तिथे हरलेला मासा निघून जातो, पुढच्या झाडाखाली. आमच्याकडे पुढचं झाड म्हणजे चार फुटांवरची काच. हरून जायचं कुठे? तिथे एका ढुशीत संपणारी गोष्ट इथे दिवसभर चालते, कारण समोरचा "जात" नाही. आणि तो जात नाही म्हणजे तो उद्धट आहे, असं थोरलीला वाटत असावं.

किती मार बसला की काळजी करायची, हे मला बरेच जण आता विचारतात. मी ढुश्या मोजायच्या वहीत दोन आठवडे घालवले, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. सासूबाईंची मोजणी वेगळी होती : कोण जेवलं, कोण नाही. रोज, प्रत्येकाच्या नावापुढे. फाटलेला पर पंधरा दिवसांत भरतो. तीन दिवस न जेवलेला मासा हलवावाच लागतो. पट्टे, रंग, कोपरा, हे सगळं त्यानंतर.

ऑक्टोबरमध्ये वेगळंच सुरू झालं. थोरली आणि ब्लू डायमंडमधली एक, तिला आम्ही निळी म्हणतो, दोघी समोरासमोर यायच्या आणि वाकायच्या. खरंच वाकायच्या, डोकं खाली करून, मग वर येत एकमेकींच्या बाजूने निघून जायच्या. दिवसातून पंधरा-वीस वेळा. अंगाचा मागचा भाग गडद, मधेच एक थरकाप. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जाळं शोधायला धावले. ढुशी आणि नमस्कार यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता. मग दोघी पाइपवर तोंड मारायला लागल्या, एकाच जागी, घासून घासून ती जागा चकचकीत केली. बाकी चौघांना मुळाच्या पलीकडे हाकललं. दिवाळीभर हे चाललं होतं. सासूबाईंचं लिखाण : "साफसफाई चालू. आमच्याआधी त्यांची झाली."

२९ ऑक्टोबरला मी पाणी बदललं, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त आणि जरा गार. संध्याकाळी ऑफिसातून आले तर पाइपवर अंडी. साबुदाण्याहून खूप बारीक, मधासारख्या रंगाची, ओळीने लावलेली. मी चप्पल न काढता उभी होते.

अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. नंतरची गोष्ट तर मला कधीची बघायची होती : पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात, दोघं त्यांना आळीपाळीने अंगावर घेतात. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी झाली. दोघींनी ती स्वतःच खाऊन टाकली. ब्रीडर म्हणाला पहिल्या वेळी असं होतं, इतर मासे त्रास देतात, जोडी वेगळी काढा.

म्हणजे आणखी एक टँक. अठरा इंच बाय अठरा बाय अठरा, ९५ लिटर, तीन हजार आठशे रुपये. जिन्यात सेक्रेटरी काका भेटले. "हा त्या बाँडमध्ये आला का?" नाही आला. पुरवणी पत्र दिलं, साध्या कागदावर, त्यांनी सही केली. "मासे भांडतात म्हणून वेगळं बिऱ्हाड," मी म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या मीटिंगला पण दोन हॉल घ्यावे लागतील."

९ नोव्हेंबरला दोघींना तिकडे हलवलं. अंडी घालायला मातीची कुंडी उलटी ठेवली, एक स्पंज फिल्टर, बाकी काही नाही. १९ तारखेला मी घरीच होते. सगळं डोळ्यांनी पाहिलं. नियमाप्रमाणे मादी ओळीने अंडी लावत वर जाते आणि तिच्यामागून नर त्याच ओळीवरून जातो. इथे थोरली अंडी लावत गेली. मागून निळी गेली. आणि निळीनेही अंडी लावली. कुंडीवर अंडीच अंडी, दाटीवाटीने, काही काही ठिकाणी एकावर एक.

मी व्हिडिओ काढून बदलापूरला पाठवला. दोघींच्या नळ्या जाड, बोथट. उत्तर आलं : "मॅडम, दोघी माद्या." पाठोपाठ : "होतं असं. चांगला नर नसला की होतं."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, टँककडे पाहिलं. "मग त्यात काय? मी आणि माझी जाऊ, अठरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही. कोपरा सोडला का कुणी?"

अंडी पांढरी झाली. आणखी दोनदा झाली. दरम्यान मोठ्या टँकमध्ये चौघे उरले होते, आणि चार हा आकडा ब्रीडरने पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलेला. मधली राजा, बाकी तिघांत रोज एकाची पाळी. जोडी वेगळी काढली की मागे किती उरतात याचा हिशेब आधी करा. माझ्यासारखी अकाउंट्सवाली बाई तोच विसरली.

म्हणून २१ डिसेंबरला पुन्हा टब, पुन्हा पडदे, मूळ आडवं, पाइप डावीकडे. या वेळी सातही एकदम, धाकटीसकट. तीन महिने एकटीने भरपेट जेवून ती साडेपाच इंचांची झाली होती, आणि मला ती परत घालायची भीती वाटत होती. पहिला आठवडा वाईट गेला. थोरली आणि निळीने डावा कोपरा घेतला, मधलीने उजवा, आणि बाकीचे चौघे मधल्या गल्लीत ये-जा करतात, कधी इकडचा मार खाऊन तिकडे, कधी तिकडचा खाऊन इकडे. पण सगळे जेवतात. जानेवारीत हीटरमुळे लाइटबिल चारशेने जास्त आलं. नवरा म्हणतो तो छोटा टँक विकून टाक. मी दवाखाना म्हणून भरलेला ठेवलाय, त्याचा स्पंज मोठ्या टँकमध्ये चालू असतो म्हणजे गरज पडली तर लगेच कामाला येतो.

बदलापूरवाला म्हणतोय एक नर पाठवतो, पंधरा दिवस ठेवून बघा. आठवा मासा म्हणजे पुन्हा टब. मी अजून हो म्हटलेलं नाही.

काल ऑफिसातून आल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फेब्रुवारीचं पान, दुधाच्या खाली : "धाकटीने मधलीला मारलं." खाली दोन रेघा ओढलेल्या.

पर्स तिथेच ओट्यावर ठेवली आणि मधली जेवली का ते बघायला गेले.